पिंजऱ्यातील नाकतोडा: अंडी, पिल्ले आणि पुन्हा अंडी

धानाच्या बांधीत काम करणाऱ्या प्रत्येकाला नाकतोडा ओळखीचा असतो, पण त्याचे निम्म्याहून अधिक आयुष्य कोणाच्या नजरेस पडत नाही, कारण ते धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, मातीत दोन-चार बोटे खोल, अंड्याच्या रूपात जाते. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातील मोठा हिरवा नाकतोडा आश्विन-कार्तिकात धुऱ्यांवर अंडी घालतो आणि ती पुढचा मृग बरसेपर्यंत, म्हणजे सात-आठ महिने, तिथेच पडून राहतात. उन्हाळ्यात धुरे छाटून माती उलथवावी, असे जुने शेतकरी सांगतात त्याचे कारण हेच आहे: उघडी पडलेली अंडी उन्हाने वाळतात आणि उरलेली पक्षी वेचतात.

पिंजऱ्यात नाकतोडे पाळण्याचा माझा पहिला प्रयत्न अंड्यांपाशीच फसला. त्या वर्षी पिल्लांच्या चाऱ्याची, जाळीची आणि उजेडाची सगळी काळजी घेतली होती. मादीने अंडीही घातली होती. परंतु ज्या मातीत ती घातली ती दिवाळीपर्यंत वाळून दगडासारखी झाली आणि एकही पिल्लू बाहेर आले नाही. त्यानंतर इतरांचे जे प्रयत्न जवळून पाहिले, तेही बहुतेक मातीच्या ओलीवरच अडले. म्हणून या लेखात चाऱ्यापेक्षा आणि पिंजऱ्यापेक्षा मातीविषयी अधिक लिहिले आहे. गावरान कोंबड्यांना प्रथिनांचा जोडआहार म्हणून, किंवा शाळेतील मुलांना कीटकाचे जीवनचक्र डोळ्यांदेखत दाखवावे म्हणून ज्यांना लहान प्रमाणावर नाकतोडे पाळायचे आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

कोणता नाकतोडा पाळावा

सुरुवात करणाऱ्याने धानात आणि बांधाच्या गवतात सापडणारा लहान हिरवा नाकतोडा निवडावा. त्याचे शास्त्रीय नाव ऑक्सिया असे आहे. त्याची लांबी साधारण अडीच ते तीन सेंटीमीटर असते आणि डोळ्याच्या मागून अंगाच्या कडेने जाणारा तपकिरी पट्टा ही त्याची ठळक खूण आहे. त्याच्या वर्षात एकाहून अधिक पिढ्या होत असल्याने अंड्यांसाठी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाही. वर ज्याचा उल्लेख केला तो मोठा नाकतोडा, हायरोग्लिफस बनियन, वर्षाला एकच पिढी देतो. त्याच्या मानेवरील पाटीसारख्या भागावर आडव्या काळ्या रेषा असतात. त्याची अंडी दीर्घ सुप्तावस्थेत जातात, त्यामुळे तो धीर असलेल्यांनी दुसऱ्या वर्षी हाती घ्यावा.

रुईच्या झाडावर बसणारा निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा देखणा टोळ मुलांना फार आवडतो. तो पाहण्यापुरता ठेवण्यास हरकत नाही, परंतु कोंबड्यांना तो कधीही घालू नये, कारण रुईच्या चिकातील हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये तो आपल्या शरीरात साठवतो. डिवचल्यास तो विषारी द्रवाची चिळकांडीही उडवतो, म्हणून मुलांनी तो डोळ्यांजवळ नेऊ नये.

वाळवंटी टोळ मात्र पाळण्याचा विचारही मनात आणू नये. मे २०२० मध्ये त्याच्या थव्यांनी अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांतील संत्र्याच्या बागा आणि भाजीपाल्यावर कशी धाड घातली, हे विदर्भातील शेतकरी विसरलेला नाही. सर्वसाधारण नियम असा ठेवावा की, जो नाकतोडा आपल्या शिवारात आधीपासून आहे तोच पाळावा आणि बाहेरगावाहून कोणताही आणू नये.

पिंजरा

नाकतोडा कात टाकताना उलटा लटकतो, त्यामुळे पिंजऱ्याची उंची त्याच्या रुंदीपेक्षा अधिक असावी. ४५ सेंटीमीटर लांब, तितकाच रुंद आणि ६० सेंटीमीटर उंच अशी लाकडी चौकट ४० ते ५० प्रौढांना पुरते. जाळी लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची घ्यावी. नायलॉनची मच्छरदाणी आणि सुती कापड ते कुरतडतात. नुकतेच जन्मलेले पिल्लू पाच-सहा मिलिमीटरचे असते, म्हणून जाळीची भोके दीड मिलिमीटरपेक्षा मोठी नसावीत. आत तुराट्या उभ्या-आडव्या लावाव्यात. पऱ्हाट्या वापरू नयेत, कारण कपाशीवर झालेल्या फवारण्यांचा अंश त्यांवर राहिलेला असू शकतो.

तळापासून सुमारे १२ सेंटीमीटरवर सच्छिद्र पत्र्याची दुसरी फळी बसवावी. विष्ठा त्या छिद्रांतून खाली पडते आणि पिंजरा कोरडा राहतो. या फळीला पेल्याच्या तोंडाएवढी दोन गोल भोके पाडून ठेवावीत. अंडी घालण्याचे पेले त्यांतून खाली सोडायचे आणि त्यांची कडा फळीशी सपाट आणायची. मादी जमिनीवर चालत येते तशी पेल्यावर यावी, तिला कडा चढावी लागू नये.

पिंजऱ्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे अनिवार्य आहे. मुंग्या एका रात्रीत अंड्यांचा आणि कात टाकत असलेल्या पिल्लांचा फडशा पाडतात. वाट्यांतील पाणी उन्हाळ्यात दररोज भरावे लागते आणि पिंजरा भिंतीला किंवा पडद्याला टेकलेला नसावा, नाहीतर मुंग्यांना तिकडून वाट मिळते.

प्रौढ जमवणे आणि नर-मादी ओळखणे

भाद्रपदात पहाटे दव असताना नाकतोडे सुस्त असतात आणि हाताने सहज पकडता येतात. ज्या वावरात किंवा शेजारच्या वावरात अलीकडे फवारणी झाली असेल तिथले घेऊ नयेत. आणलेले नाकतोडे आठवडाभर वेगळ्या डब्यात ठेवावेत. पंखांच्या मुळाशी लाल माइट (कोळ्यांच्या कुळातील बारीक जीव) चिकटलेले, मलूल किंवा अर्धवट लुळे नाकतोडे काढून टाकावेत. काहींच्या शरीरात परोपजीवी माश्यांच्या अळ्या असतात आणि त्या याच आठवड्यात बाहेर पडताना दिसतात.

नर लहान आणि सडपातळ असतो, त्याच्या पोटाचे टोक गोलसर असून होडीच्या नाळेसारखे वर वळलेले असते. मादी मोठी असते आणि तिच्या पोटाच्या टोकाशी वर दोन व खाली दोन अशी कठीण, टोकदार अवयवांची जोडी दिसते. याच अवयवांनी ती जमीन उकरते. एका नरामागे दोन माद्या हे प्रमाण पुरेसे आहे. नर अधिक झाले तर ते अंडी घालणाऱ्या मादीला त्रास देतात आणि तिला पेल्यावर स्वस्थ बसू देत नाहीत.

शेवटची कात टाकल्यानंतर लगेच मीलन होत नाही. कवच कठीण होण्यास आणि मादीच्या पोटात अंडी पक्व होण्यास ऊब व चारा पुरेसा असल्यास दोन ते तीन आठवडे लागतात. नर मादीच्या पाठीवर बसून तासन्‌तास राहतो. गावात अनेकजण या जोडीला आई आणि तिचे पिल्लू समजतात. शाळेत दाखवताना हा गैरसमज आवर्जून दूर करावा, कारण नाकतोड्याची पिल्ले जन्मापासून स्वतंत्र असतात आणि आईच्या पाठीवर कधीच बसत नाहीत. मादी नराचे शुक्राणू पोटातील एका पिशवीत साठवून ठेवते, त्यामुळे एका मीलनानंतर ती अनेकदा फलित अंडी घालू शकते.

अंडी घालण्याची माती

विदर्भाची काळी माती या कामास निरुपयोगी आहे. ती ओली असताना चिकट होते, त्यामुळे मादीला ती उकरता येत नाही, आणि वाळताना तिला भेगा पडतात, त्यामुळे अंडीपुंज (वाळलेल्या फेसात एकत्र असलेली अंडी) फाटतात. वैनगंगेची किंवा जवळच्या कोणत्याही नदीची बारीक रेती दोन-तीनदा पाण्यात धुवून, गाळ काढून, चाळून घ्यावी. नंतर ती लोखंडी कढईत अर्धा तास चांगली तापवावी, म्हणजे बुरशी, माइट आणि इतर कीटकांची अंडी नष्ट होतात. रेती पूर्ण थंड झाल्यावर १०० ग्रॅम कोरड्या रेतीस १५ मिलिलिटर पाणी या प्रमाणात ती कालवावी. मोजमाप नसेल तर मूठ आवळून पाहावी: लाडू बांधला जावा, पण बोटांतून पाण्याचा थेंब येऊ नये, आणि बोटाने टोचताच लाडू फुटावा.

ही रेती किमान १० सेंटीमीटर खोल पेल्यात भरून हलकीशी दाबावी. उथळ वाटीत मादी पोट खुपसून पाहते, तळ लागला की ते बाहेर काढते आणि अखेरीस अंडी फळीवर किंवा चाऱ्याच्या देठांत टाकते. ऑक्सियाच्या माद्या गवताच्या पानांच्या बेचक्यातही अंडी चिकटवतात, म्हणून शिळा चारा फेकण्यापूर्वी तो तपासावा.

अंडी घालण्याची क्रिया एकदा तरी शांतपणे पाहावी. मादी मागच्या टोकाच्या अवयवांनी माती बाजूला सारत पोट आत ढकलते. पोटाच्या वलयांमधील पडदा ताणला जाऊन ते नेहमीच्या लांबीच्या दुप्पट आणि काही जातींत त्याहूनही अधिक लांब होते. तळाशी पोहोचल्यावर ती एकामागून एक अंडी सोडते आणि त्यांच्याभोवती फेस सोडत पोट हळूहळू वर घेते. हा फेस वाळून स्पंजासारखा होतो. तो अंड्यांना वाळण्यापासून वाचवतो आणि त्याचा वरचा मऊ भाग पुढे पिल्लांना बाहेर येण्याची वाट ठरतो. मोठ्या नाकतोड्याच्या एका पुंजात साधारण ३० ते ४० अंडी असतात, ऑक्सियाच्या पुंजात त्याहून कमी असतात. मादी मातीत असताना पिंजऱ्याला धक्का लागू देऊ नये, कारण घाबरून तिने पोट अर्ध्यावर ओढून घेतले तर पुंज उघडा राहतो आणि त्यातील अंडी सहसा वाया जातात.

उबवण: सर्वांत नाजूक काळ

दर तीन-चार दिवसांनी पेला बदलावा. काढलेल्या पेल्यावर तारीख लिहावी आणि स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर त्याचे वजन करून तेही लिहून ठेवावे. वजनाची ही नोंद मला सर्वांत उपयोगी वाटते. पेल्यावर झाकण ठेवून त्याला सुईने पाच-सहा भोके पाडावीत आणि दर चार दिवसांनी पुन्हा वजन करावे. जितके ग्रॅम घटले असेल तितके मिलिलिटर पाणी ड्रॉपरने पेल्याच्या कडेने सोडावे. अंदाजाने शिंपडलेले पाणी एकतर वरचा थर भिजवून बुरशी आणते किंवा तळापर्यंत पोहोचतच नाही.

नाकतोड्याचे अंडे घातल्यानंतर भोवतालच्या मातीतून पाणी शोषते आणि फुगते. त्याच्या वजनात होणारी वाढ मूळ वजनाइतकी असू शकते. ते पाणी न मिळाल्यास आतील जीवाची वाढ थांबते आणि फार काळ न मिळाल्यास तो मरतो. याउलट रेती निथळत असेल तर अंड्यांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. ३० अंशांच्या आसपास तापमान राहिल्यास ऑक्सियाची अंडी सर्वसाधारणपणे तीन आठवड्यांच्या आगेमागे फुटतात. थंडीत हा काळ सहज दुप्पट होतो.

पिल्ले बहुधा सकाळी बाहेर येतात आणि एका पुंजातील बहुतेक पिल्ले एकाच वेळी निघतात. मातीतून वर येणारा जीव प्रथम अळीसारखा दिसतो, कारण त्याचे पाय आणि शृंगिका एका पातळ आवरणात अंगाशी बांधलेले असतात. पृष्ठभागावर येताच काही मिनिटांत तो हे आवरण टाकतो आणि उड्या मारू लागतो. पेल्याच्या तोंडाशी चुरगळलेल्या पांढऱ्या पापुद्र्यासारखे हे आवरण दिसले की, उबवण यशस्वी झाली असे समजावे. पंधरा दिवस उलटताच पेले पिल्लांच्या स्वतंत्र पिंजऱ्यात हलवून ठेवावेत, म्हणजे कोवळी पिल्ले प्रौढांच्या गर्दीत सापडत नाहीत.

पिल्लांची वाढ आणि कात

नाकतोड्याला फुलपाखरासारखी अळी आणि कोष या अवस्था नसतात. पिल्लू प्रौढासारखेच दिसते, फक्त त्याला पंख नसतात. हे अपूर्ण रूपांतर होय. ते पाच ते सहा वेळा कात टाकते, मादी कधी एकदा अधिक टाकते. ऊब आणि चारा नीट असल्यास हा सारा प्रवास दीड ते दोन महिन्यांत पूर्ण होतो. पंखांचे कोंब आधी खाली झुकलेले असतात, आणि शेवटच्या दोन अवस्थांत ते उलटून पाठीवर येतात. तेव्हा मागच्या पंखाचा कोंब पुढच्यावर झाकलेला दिसतो. प्रौढात नेमके याच्या उलट असते. यावरून आखूड पंखांचा प्रौढ आणि वाढत असलेले पिल्लू यांतील फरक मुलांनाही ओळखता येतो.

कात टाकण्याच्या आदल्या दिवशी पिल्लू खाणे बंद करते आणि उंच जागी जाऊन डोके खाली करून लटकते. अशा पिल्लाला हात लावू नये, पिंजरा हलवू नये आणि त्या वेळी चाराही बदलू नये. खाली पडलेल्या पिल्लाचे पाय व पंख वाकडे वाळतात आणि ते पुन्हा सरळ होत नाहीत. कात टाकल्यावर काही तास शरीर मऊ असते आणि भुकेले सोबती त्याला कुरतडतात. नाकतोडे मुख्यतः गवत खाणारे असले तरी दाटी झाली, चारा संपला किंवा चाऱ्यात ओल उरली नाही की ते एकमेकांना खातात. पिल्ले आठवड्याच्या अंतराने जन्मलेली असतील तर त्यांना वेगळे ठेवावे.

चारा आणि ऊब

ऑक्सियाला धानाची पाने, हरळी, मका, ज्वारी आणि नेपियर गवत चालते. पहिल्या दोन अवस्थांतील पिल्लांना कोवळी हरळी किंवा कुंडीत उगवलेला गव्हांकुर द्यावा. कोरडा गव्हाचा कोंडा एका ताटलीत कायम ठेवावा. ज्वारीच्या अगदी कोवळ्या किंवा पाण्याअभावी सुकलेल्या पिकात जनावरांना विषबाधा करणारे सायनाइड तयार होते, म्हणून ती ज्वारी इथेही टाळलेली बरी. गवताची जुडी अरुंद तोंडाच्या बाटलीत पाण्यात उभी करून बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, नाहीतर पिल्ले आत पडून बुडतात. पाण्याची उघडी वाटी पिंजऱ्यात ठेवू नये. ताज्या पाल्यातून त्यांना पुरेसे पाणी मिळते. दव किंवा पाऊस लागलेले गवत निथळून, कोरडे करूनच घालावे.

आपल्याकडे धान्यात, कपड्यांत, सर्वत्र कडुलिंबाचा पाला ठेवण्याची पद्धत आहे. मुंग्या-माश्या येऊ नयेत म्हणून कोणी तो नाकतोड्यांच्या पिंजऱ्यात ठेवला, तर नुकसान नाकतोड्यांचेच होते. कडुलिंबातील अझाडिरॅक्टिन कीटकांची भूक मारते आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवते. कडुलिंबाची डहाळी तर नकोच, निंबोळी अर्क फवारलेल्या शेतातील गवतही आणू नये.

नाकतोडा स्वतःची ऊब उन्हातून घेतो. दिवसा ३० ते ३५ अंश आणि रात्री २० ते २५ अंश तापमान असल्यास तो भरपूर खातो आणि वेगाने वाढतो. डिसेंबर-जानेवारीत पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात, जाळीबाहेर, ६० वॅटचा तारेचा जुना दिवा दिवसाचे बारा तास लावावा. एलईडी दिव्याचा उजेड पडतो, ऊब मिळत नाही. वीज गेल्याने नाकतोडे मरत नाहीत, त्यांची वाढ तेवढी मंदावते.

मे महिना अधिक कठीण असतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर या भागात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि पत्र्याच्या छपराखाली त्याहूनही वर. पिंजरा मातीच्या भिंतींच्या, कवेलूच्या खोलीत ठेवावा आणि खिडकीला वाळ्याची ताटी लावावी. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर घेऊ नये, कारण सततच्या दमट हवेत बुरशी लवकर वाढते. या काळात पेल्यांचे वजन चार दिवसांऐवजी दररोज तपासावे.

रोग आणि स्वच्छता

एखादा नाकतोडा तुराटीच्या शेंड्यावर चढून, तिला कवटाळून मेलेला दिसला तर तो बुरशीजन्य रोग असण्याची शक्यता मोठी असते. पावसाळी दमट हवेत ही बुरशी झपाट्याने पसरते. मेलेले नाकतोडे त्याच दिवशी जाळावेत, पिंजरा रिकामा करून दोन दिवस कडक उन्हात ठेवावा आणि वाचलेले नाकतोडे कोरड्या, हवेशीर जागी विरळ ठेवावेत. विष्ठा एरवी कोरड्या दाण्यासारखी असते; ती ओली व चिकट झाली तर चारा तपासावा. साफसफाई करताना नाकावर रुमाल किंवा मास्क बांधावा, कारण विष्ठेची आणि कातेची भुकटी दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास काहींना शिंका, खाज आणि दमा यांचा त्रास होतो.

जास्तीचे नाकतोडे शेतात सोडून देऊ नयेत. शेजाऱ्याच्या धानावर आपण वाढवलेली कीड सोडणे हा अपराध आहे, असे मी मानतो. ते कोंबड्यांना घालावेत. वापरून झालेली रेती बाहेर टाकण्यापूर्वी पुन्हा कढईत तापवावी, म्हणजे तिच्यात राहिलेले पुंज शिवारात उगवत नाहीत.

न फुटलेल्या पेल्यांविषयी

महिना-दीड महिना उलटूनही पिल्ले आली नाहीत तर पेला लगेच रिकामा करू नये. एक पुंज काळजीपूर्वक काढून फेस सोलावा आणि अंडी पाहावीत. ती टपोरी, फिकट पिवळसर असतील आणि टोकाशी डोळ्यांचे गडद ठिपके दिसत असतील तर पिल्ले काही दिवसांवर आली आहेत. टपोरी आहेत पण ठिपके नाहीत, अशी अंडी मोठ्या नाकतोड्याची असतील तर ती सुप्तावस्थेत आहेत असे समजून पेला झाकून, थंड व सावलीच्या जागी, अगदी जुजबी ओलीवर ठेवावा आणि धुऱ्यावर ती जशी राहिली असती तशी हिवाळा-उन्हाळा काढू द्यावीत. रोहिणी नक्षत्र लागल्यावर त्या पेल्यात आठवडाभरात थोडे थोडे पाणी वाढवून रेती पुन्हा मुठीत लाडू बांधेल इतकी ओली करावी. सुरकुतलेली, तपकिरी किंवा दाबताच पाणी सोडणारी अंडी मात्र मेलेली असतात आणि त्यांवरची बुरशी शेजारच्या पुंजांना लागण्यापूर्वी तो पेला कढईत रिता करावा.